संदेष्टे म्हणजे ज्योतिषी का?

प्रश्न: बायबलमधले हिब्रू संदेष्टे भविष्य सांगायचे ना? मग आज ते वाचून काय उपयोग?

उत्तर: अहो, संदेष्टा म्हणजे देवाचा संदेश लोकांना सांगणारा; भविष्य हा त्यातला छोटा भाग. आमोसच घ्या, इ.स.पू. ८व्या शतकातला तकोवा गावचा साधा मेंढपाळ, पण व्यापाऱ्यांना तोंडावर सुनावतो की माप लहान करता, तराजूत खोट ठेवता, गव्हाचं भूस विकता आणि जोडाभर वहाणांसाठी गरिबाला विकत घेता! बेथेल इथल्या देवस्थानाचा याजक, म्हणजे पुजारी, अमस्या त्याला म्हणाला, निघ इथून. हे मला फार भिडतं. १९६३ला वॉशिंग्टनच्या भाषणात मार्टिन ल्यूथर किंगनी ‘न्याय पाण्यासारखा वाहो’ म्हटलं ते आमोसचंच. आधी बायबलमधल्या आमोसच्या पुस्तकाचा ८वा अध्याय वाचा, छोटासाच आहे.