वाचकांचे प्रश्न : संयुक्त संशोधनात विद्यार्थ्याचा वाटा

प्रश्न : मी भौतिकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. एखाद्या संशोधनगटात काम करण्याची संधी मिळावी म्हणून मी चौदा संशोधकांना ईमेल पाठवले. दोघांनी ‘सध्या जागा नाही’ असे कळवले, बाकीच्यांचे उत्तरच आले नाही. पत्राची प्रत सोबत जोडली आहे. माझे काय चुकते आहे?

उत्तर : पत्राची भाषा शुद्ध आहे, नम्रही आहे, अडचण वेगळी आहे. पहिले तीन परिच्छेद तुमच्याविषयी आहेत आणि संशोधकाच्या कामाविषयी जे एकमेव वाक्य आहे (‘आपल्या संशोधनाने मी अत्यंत प्रभावित झालो आहे’) ते चौदाही जणांनाच काय, जगातल्या कोणत्याही संशोधकाला लागू पडेल. असे पत्र हाती आलेल्या माणसाला ते आपल्याला उद्देशून लिहिले आहे असे वाटतच नाही.

त्याऐवजी एकाच संशोधकाचा अलीकडचा, डेटासह प्रसिद्ध झालेला एखादा शोधनिबंध घ्या आणि त्यातली एक आकृती त्या डेटावरून स्वतः पुन्हा काढून पाहा. आठ-दहा दिवस सहज जातील. आकृती बहुधा पहिल्या खेपेला जशीच्या तशी येणार नाही : कोणत्या नोंदी वगळल्या हे निबंधात सांगायचे राहून गेलेले असेल, किंवा अक्षावरचे एकक वाचताना तुमचीच गफलत झालेली असेल. मग लिहा : ‘तुमच्या तिसऱ्या आकृतीतल्या रेषेचा उतार मला थोडा कमी मिळतो. सुरुवातीच्या नोंदी मी वगळल्या नाहीत, हे त्याचे कारण असेल का?’ पाच ओळींचे हे पत्र तुमच्या गुणपत्रिकेपेक्षा तुमच्याविषयी अधिक सांगते. उत्तर येईलच अशी हमी मी देणार नाही, परंतु आले तर ते कामाविषयीचे असेल आणि सहकार्याची सुरुवात तिथूनच होते.

विद्यार्थ्यांसाठी मुद्दाम आखलेले कार्यक्रमही आहेत. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेचा उन्हाळी कार्यक्रम, सिंथेटिक बायॉलॉजीत (म्हणजे सजीवांच्या जनुकांची नव्याने जुळणी करण्याच्या शास्त्रात) विद्यार्थ्यांच्या संघांनी एकत्र काम करावे म्हणून भरणारी आयजेम स्पर्धा, मुक्त स्रोत सॉफ्टवेअरसाठी २००५ पासून चालू असलेला ‘गूगल समर ऑफ कोड’. यांपैकी शेवटचा सुरुवातीला केवळ विद्यार्थ्यांसाठी होता. २०२२ पासून तो इतर नवशिक्यांसाठीही खुला झाला आहे. तिथेही अर्जाची मुदत जवळ आल्यावर पहिल्यांदा डोकावणाऱ्यापेक्षा, आधीच एखादी बारीकशी त्रुटी दुरुस्त करून पाठवणाऱ्याला मार्गदर्शक ओळखत असतात.

प्रश्न : आम्ही चार विद्यार्थ्यांनी वर्षभर एका संवेदकावर काम केले. एकाने उपकरण जुळवले, एकीने प्रोग्रॅम लिहिला, एकाने मोजमापे घेतली आणि मी विश्लेषण केले. आता निबंधावरच्या नावांच्या क्रमावरून आमच्यात अबोला आहे. शिवाय ज्या वरिष्ठांनी केवळ प्रयोगशाळेत जागा दिली, त्यांचे नाव लेखकांत घालावे असे सुचवले जात आहे.

उत्तर : नाव कोणाचे आणि क्रम कोणता, हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. पहिल्यासाठी वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे निकष विज्ञानाच्या इतर शाखांतही मार्गदर्शक ठरतात. कामाच्या आखणीत किंवा नोंदी मिळवण्यात, त्यांच्या विश्लेषणात वा अर्थ लावण्यात भरीव वाटा. मसुदा लिहिणे किंवा त्यात वैचारिक सुधारणा करणे. अंतिम मसुद्याला संमती. आणि संपूर्ण कामाविषयी उत्तरदायित्व : या चारही अटी पूर्ण करणारा तो लेखक. नुसती जागा देणाऱ्यांचे आभार ऋणनिर्देशात मानावेत. हे त्यांना सांगणे अवघड आहे याची मला कल्पना आहे, म्हणून नियतकालिकाचे नियम त्यांच्यापुढे ठेवा आणि बोलण्याचे काम मार्गदर्शकांवर सोपवा.

क्रमाची भानगड विषयागणिक बदलते. गणितात नावे बहुधा वर्णानुक्रमाने येतात. जीवशास्त्रात सर्वाधिक काम करणारा पहिला आणि गटप्रमुख शेवटचा. हिग्ज बोसॉन या मूलकणाचे वस्तुमान सांगणाऱ्या २०१५ च्या संयुक्त निबंधावर ५,१५४ लेखक होते आणि त्याच्या ३३ पानांपैकी २४ पाने त्यांची नावे आणि संस्था यांनीच भरली. तिथे क्रमावरून कोण काय ओळखणार? म्हणून अनेक नियतकालिके आता ‘क्रेडिट’ नावाच्या वर्गीकरणातल्या १४ भूमिकांनुसार कोणी काय केले ते छापतात. तुम्हीही तसे निवेदन जोडा.

त्याआधी एक करून पाहा. चौघांनी वेगवेगळे बसावे आणि प्रत्येकाने स्वतःचे नव्हे, तर उरलेल्या तिघांचे काम प्रयोगवहीतल्या तारखांसह एका पानावर लिहावे. पाने एकमेकांना दाखवल्यावर अबोला टिकणे कठीण आहे. पुढच्या प्रकल्पात मात्र हे पान पहिल्याच आठवड्यात लिहा, कारण नंतरच्या औदार्याने सगळे भरून निघत नाही. १९२१ मध्ये टोरांटोत फ्रेडरिक बँटिंग यांच्यासह इन्सुलिनवर काम करणारे चार्ल्स बेस्ट तेव्हा जेमतेम पदवीधर झाले होते. १९२३ चे नोबेल पारितोषिक बँटिंग आणि जॉन मॅक्लाउड यांना मिळाले. बँटिंग यांनी आपल्या वाट्याची निम्मी रक्कम बेस्ट यांना दिली. पारितोषिकावरची नावे मात्र दोनच राहिली.

प्रश्न : मी साहित्याची विद्यार्थिनी आहे. संयुक्त संशोधन हे विज्ञानवाल्यांपुरतेच असते का?

उत्तर : नाही. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनने २०१० मध्ये इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांची हस्तलिखिते वाचून उतरवण्याचे काम सर्वांसाठी खुले केले. अडलेला शब्द, खोडलेली ओळ, समासातली भर हे सगळे ठरावीक खुणांनी नोंदवायचे आणि संपादकांनी ते तपासायचे, अशी त्याची रीत आहे. शंभर पाने उतरवणाऱ्याला लेखकाच्या खाडाखोडीतून जे प्रश्न सुचतात, ते छापील प्रत वाचून सुचत नाहीत. तुमच्या भाषेतले असे काम शोधा.

प्रश्न : आमच्या गटाने एक नवी रचना तयार केली आहे आणि पुढच्या महिन्यात ती एका स्पर्धेत मांडणार आहोत. पेटंटचा विचार नंतर केला तर चालेल का?

उत्तर : बहुतेक देशांत चालत नाही. अर्ज दाखल होण्याच्या दिवशी कल्पना नवी असावी लागते आणि भित्तिपत्रक, व्याख्यान, ग्रंथालयात खुला झालेला प्रबंध, यांपैकी कशातूनही ती प्रकट झाली की नावीन्य संपू शकते. अमेरिकेसारख्या काही देशांत संशोधकाने स्वतः केलेल्या प्रकटनानंतर वर्षभराची सवलत मिळते, पण तिच्या भरवशावर राहिल्यास इतर देशांची दारे बंद होतात. उलट, आधी एका देशात अर्ज केला तर औद्योगिक संपदेविषयीच्या पॅरिस करारानुसार इतर सदस्य देशांत १२ महिन्यांच्या आत त्याच तारखेचा अग्रहक्क सांगता येतो.

निबंधाचा लेखक हा आपोआप पेटंटचा संशोधक ठरत नाही. ज्याच्या डोक्यातून पेटंटच्या दाव्यातली कल्पना आली तोच संशोधक. सांगितल्याबरहुकूम मोजमापे घेणारा सहकारी निबंधावर असेल, पेटंटवर नसेल, आणि हे त्याला आधीच समजावून सांगितलेले बरे. मालकी गटाची की विद्यापीठाची, हे विद्यापीठाच्या नियमांवर आणि तुम्ही सही केलेल्या करारांवर ठरते, तेव्हा तिथल्या बौद्धिक संपदा कक्षात या आठवड्यातच जा. आणि स्पर्धेच्या आयोजकांना पाठवलेला सारांश ते कोणत्या दिवशी सर्वांसाठी खुला करणार आहेत, हे आजच विचारून घ्या. तो दिवस बहुधा स्पर्धेच्या आधीचा असतो.