आयसीयूत नळीतून पोटात किती जातं?

प्रश्न : वडील (वय ६४, वजन ६० किलो) न्यूमोनियामुळे चार दिवस व्हेंटिलेटरवर आहेत. नाकातल्या नळीतून तासाला जेमतेम ४० मिली फीड चाललंय. घरून नेलेलं डाळीचं पाणी परत पाठवतात. ते उपाशी तर राहत नाहीत ना? निदान सलाइन वाढवायला सांगू का? – एक वाचक, कळवा

उत्तर : तुमचा जीव तुटणं साहजिक आहे, पण आधी हिशेब मांडू. तासाला ४० म्हणजे दिवसाला ९६० मिली. मिलीला १ कॅलरीचं फीड असेल तर ९६० कॅलरी, किलोमागे १६. पहिल्या आठवड्यात एवढं चालतं. गंभीर आजारात यकृत स्वतःच साखर तयार करत राहतं आणि फीड दिलं तरी थांबत नाही. तेव्हा पोट भरायला गेलं की रक्तातली साखर चढते. झोपेसाठी प्रोपोफॉल, ते दुधासारखं पांढरं औषध, चालू असेल तर त्याच्याही मिलीमागे १.१ कॅलरी धरायच्या.

दाखल होण्याआधी आठ-दहा दिवस त्यांचं खाणं सुटलं होतं का? हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण ते घरच्यांनाच ठाऊक असतं. अशा शरीरात फीड एकदम वाढवलं तर फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून आधी थायमिन (जीवनसत्त्व बी-१) देऊन फीड हळूहळू वाढवतात.

सलाइन म्हणजे जेवण नव्हे. साध्या सलाइनमध्ये कॅलरी शून्य. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या, म्हणजे साखरेच्या सलाइनच्या, अख्ख्या लिटरमध्ये सुमारे १७०, प्रथिनं नाहीतच. डाळीच्या पाण्यातही प्रथिनं नावापुरती, वर जंतूंची भीती. त्यांनी ते परत पाठवलं ते बरंच केलं.

पुढच्या आठवड्यात मात्र १२०० ते १५०० कॅलरी आणि किमान ७२ ग्रॅम प्रथिनं जायला हवीत. रोज एकच विचारा : काल ठरलं होतं किती आणि गेलं किती? स्कॅनसाठी थांबवलेलं फीड पुन्हा सुरू करायचं राहून जातं. सहा तास गेले की २४० कॅलरी बुडाल्या.

प्रश्न : आईला नळीसकट घरी सोडलंय, नळी सारखी तुंबते. – एक वाचक, घणसोली

उत्तर : मिक्सरमधलं मिश्रण मलमलीच्या कापडातून गाळा. फीडच्या आधी आणि नंतर सिरिंजने ३० मिली कोमट पाणी द्या. गोळ्या फीडमध्ये मिसळू नका. एकेक वेगळी कुटून, मधे पाणी सोडून द्या. हळूहळू विरघळणारी गोळी मुळीच कुटू नका, तिला पर्याय विचारा. फीड देताना आणि नंतर अर्धा तास पाठ उंच ठेवा. नाकपुडीपाशी नळीवरची सेंटीमीटरची खूण सरकलेली दिसली, तर पाण्याचा थेंबही देऊ नका. आधी नळी तपासून घ्या.