वाचकांचे प्रश्न: जूनच्या पहिल्या पावसात धरेल तो टायर

प्रश्न: ताई, सप्रेम नमस्कार. मी वारज्याला राहतो, नोकरी तळेगाव एमआयडीसीत. रोज बायपासने देहूरोड आणि तिथून जुन्या हायवेने, एका बाजूला साधारण ३५ किलोमीटर. गाडी पल्सर एनएस २००. सकाळी साडेसहाला निघतो, रस्ता मोकळा असतो, ऐंशी-नव्वदचा वेग सहज राहतो. पाऊस असो की थंडी, गाडीला सुट्टी नाही. १९,००० किलोमीटरला मागचा टायर मधून सपाट झालाय. दुकानदार म्हणतो, हार्ड कंपाउंड, म्हणजे कडक रबराचा टायर घ्या, पंचवीस हजार किलोमीटर बघायला नको. एक मित्र म्हणतो, १४०चा रुंद टायर टाक. दुसरा म्हणतो, टायर कुठलाही चालतो, पावसाळ्यात फक्त दोन-चार पॉइंट (पीएसआय) हवा कमी ठेव. कुणाचं ऐकू? – एक वाचक, वारजे

उत्तर: आधी हवेचं बोलू, कारण तिन्हींत तो सल्ला सगळ्यात घातक आहे आणि खर्च नसल्यामुळे सगळ्यात जास्त पाळला जातो.

हवा कमी केली की टायर रस्त्यावर जास्त पसरतो, म्हणून पकड वाढते, असा त्यामागचा हिशेब. चिखलात, मातीत, सावकाश जाताना तो बरोबर आहे. पण तुम्ही जाता डांबरी आणि सिमेंटच्या रस्त्यावर, ऐंशीने. तिथे टायरचं पहिलं काम असतं पाणी बाजूला सारून रस्ता गाठणं. हवा कमी असली की टायरचा मधला भाग आत दबतो, खाचा मिटतात आणि पाण्याला बाहेर पडायची वाट राहत नाही. मग टायर पाण्यावर तरंगतो आणि हँडल एकदम हलकं लागतं. १९६०च्या दशकात अमेरिकेच्या नासाने विमानांच्या टायरवर याचा अभ्यास केला. टायर ज्या वेगाला तरंगू लागतो तो वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, असं त्यातून निघालं. त्या सूत्राने २८ पॉइंटला तो वेग ताशी ८८ किलोमीटरच्या आसपास येतो आणि २४ पॉइंटला ८२च्या. मोटरसायकलचा टायर गोलाकार असतो, पाणी कापत जातो, म्हणून हे आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू नाहीत. पण हवा कमी तर धोका लवकर, ही दिशा तीच राहते. गाडीवरच्या स्टिकरवर आणि पुस्तिकेत जो आकडा आहे, तोच बारा महिने ठेवा.

तेवढी ठेवायची तरी लक्ष द्यावं लागतं. तापमान दहा अंशांनी उतरलं की दुचाकीच्या टायरमधला दाब साधारण दीड पॉइंटने उतरतो. मे महिन्यात भर दुपारी चाळीस अंशात २८ भरून घेतली आणि नंतर पाहिलीच नाही, तर डिसेंबरात पाषाण-सूसच्या बाजूला पहाटे दहा अंश असताना ती चोवीसच्या खाली गेलेली असते, आणि तीही एक थेंब हवा गळाली नाही असं धरून. म्हणून हवा सकाळी, गाडी काढण्याआधी, टायर गार असताना मोजायची. स्वतःचा छोटा गेज घ्या आणि डिकी नसेल तर सॅकच्या कप्प्यात ठेवा. पंपावरचे गेज एकमेकांशी जुळत नाहीत, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता त्यांच्यावर विसंबत नाही. तळेगावला पोचल्यावर टायर तापलेला असतो, तेव्हा आकडा दोन-तीन पॉइंट चढा दिसेल. ती जास्तीची हवा सोडू नका.

आता कंपाउंड.

मी एकवीस वर्षं कोथरूडहून चाकणला दुचाकीने गेले. चांदणी चौक, वाकड, नाशिक फाटा, भोसरी, मोशी असा माझा रस्ता. रबराचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी क्वालिटीला होते. रबराचा कडकपणा मोजायला आमच्याकडे ड्युरोमीटर असायचा. हातात मावेल एवढं यंत्र, त्याची बोथट सुई रबरात दाबली की शोअर ए मापात आकडा दाखवतं; आकडा मोठा तर रबर कडक. दिवसभर मी गॅस्केटं आणि बुश मोजायचे, पण स्वतःच्या गाडीचा टायर मोजावा हे कधी सुचलं नाही.

ते सुचलं पडल्यावर. जूनचा दुसरा आठवडा, पौड रस्ता, नुकता सुरू झालेला पाऊस. सिग्नल पिवळा झाला, मी ब्रेक दाबला आणि मागचं चाक जागच्या जागी लॉक होऊन गाडी आडवी झाली. वेग चाळीसही नव्हता. कॉलर बोन मोडलं, सहा आठवडे हात गळ्यात. टायर गोटा झालेला होता असं नाही. खाचा चांगल्या तीन मिलिमीटर खोल होत्या, त्यावर माझा पूर्ण भरवसा होता. बरी झाल्यावर ड्युरोमीटर लावला तर आकडा आला ७३. त्याच नावाचा, त्याच मापाचा नवा टायर विकत घेऊन मोजला, तो ६१. साडेचार वर्षं उन्हात उभं राहून आणि रोज तापून-निवून ते रबर वाळून गेलं होतं. नक्षी शिल्लक होती, पकड गेली होती. त्या दिवसापासून टायर घेताना मी पहिला प्रश्न 'किती चालेल' हा विचारत नाही, 'पहिल्या पावसात कसा धरतो' हा विचारते. तुम्हीही तोच विचारा. वर्षातले साडेअकरा महिने कुठलाही बरा टायर तुम्हाला तळेगावला पोचवेल. उरलेल्या पंधरा दिवसांसाठी टायर निवडायचा.

पहिल्या पावसाचं इतकं का, तेही सांगते. आठ महिने रस्त्यावर धूळ, ऑइल आणि टायरचा झिजलेला चुरा साचत राहतो. पहिल्या सरीत तो भिजून साबणासारखा होतो. चांगला तासभर पाऊस झोडपला की रस्ता धुऊन निघतो. खरा धोका भुरभुरीत असतो. पुण्यात त्यात पर्जन्यवृक्षाच्या शेंगांची भर. उन्हाळ्यात पडलेल्या त्या चिकट शेंगा चाकांखाली चिरडतात आणि वळवाच्या सरीत तो रस्ता बुळबुळीत होतो. दोन्हीकडून फांद्या आलेली गार सावली दिसली की मी आजही आधीच वेग कमी करते. बायपासला झाडं नाहीत, पण पुलांच्या सांध्यावरच्या लोखंडी पट्ट्या आणि पांढरे पट्टे ओले असताना तसेच वागतात. त्यावरून गाडी सरळ ठेवून जायचं, ब्रेक आधी किंवा नंतर.

ओल्या रस्त्यासाठी रबरात सिलिका (ओल्यात पकड देणारी भुकटी) जास्त असलेला, मऊ ते मध्यम कंपाउंडचा, स्पोर्ट-टूरिंग, म्हणजे वेग आणि लांबचा प्रवास दोन्हींसाठीच्या धाटणीचा टायर तुम्हाला हवा. मधोमध सलग पट्टी नको. मधूनच निघून दोन्ही कडांना जाणाऱ्या खाचा बघा. सुट्या ठोकळ्यांच्या नक्षीच्या बटण टायरच्या वाटेला जाऊ नका, तो खडीसाठी असतो आणि ओल्या सिमेंटवर त्याचे ठोकळे हलतात. तुमचा टायर मधून सपाट झाला त्याचं कारण रोजचा सरळ रस्ता. मधे कडक आणि कडेला मऊ अशा दोन रबरांचे टायर याच दुखण्यावर काढलेले आहेत. तुमच्या मापात मिळाला तर तोच घ्या.

'पण लवकर झिजेल' हे दुकानदाराचं म्हणणं खरं आहे. तो हिशेब करून बघू. समजा मऊ टायर ४,००० रुपयांचा आणि १५,००० किलोमीटर चालला, तर किलोमीटरला २७ पैसे. कडक टायर ३,००० रुपयांचा आणि २५,००० चालला, तर १२ पैसे. तुमचं वर्षाचं धावणं २१,००० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे फरक वर्षाला तीन हजार रुपये, महिन्याला अडीचशे. तुमचं पेट्रोल किलोमीटरला तीन रुपयांच्या घरात जातं. त्याशेजारी हे पंधरा पैसे ठेवून बघा. माझ्या हाताच्या प्लास्टरला आणि बुडालेल्या पगाराला याच्या कितीतरी पट गेले होते.

रुंद टायरचं थोडक्यात. तुमचं मूळ माप मागे १३०/७०-१७. यात १३० म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ७० म्हणजे त्या रुंदीच्या सत्तर टक्के उंची, १७ इंची रिम. उंची झाली ९१ मिलिमीटर. १४०/७० घातला तर ती ९८ होते, म्हणजे चाकाचा व्यास १४ मिलिमीटरने वाढतो. रिम मात्र तीच. त्यावर रुंद टायर चिमटला जातो, त्याचा आकार जास्त उभट होतो, गाडी वळायला जड लागते आणि चेन किंवा मडगार्डला घासण्याची भीती राहते. पाणी सारायला जास्त रुंद टायरची मदत होत नाहीच. मूळ माप सोडू नका. त्यापुढचे अंक-अक्षरही बघा. ६१पी म्हणजे एका टायरला २५७ किलोपर्यंत भार आणि ताशी १५० किलोमीटरपर्यंत वेग. एस असेल तर १८०, एच असेल तर २१०. मूळ अक्षराच्या वरचं चालेल, खालचं नको.

कंपनीच्या नावावरून वाद घालण्यात मला रस नाही. अपोलो घ्या, एमआरएफ घ्या, मिशेलिन घ्या. पण टायर काउंटरवर आला की सगळ्यात आधी त्याच्या कडेवरचा चार आकडी शिक्का वाचा. २५२४ असेल तर तो २०२४ सालच्या पंचविसाव्या आठवड्यातला, म्हणजे जूनमधला. वर्षाच्या आतला मिळाला तर उत्तम, दोन वर्षांपेक्षा जुना असेल तर सवलत कितीही असो, परत करा. नाना पेठेत चार दुकानं फिरलात की ताजा माल मिळतो.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण मला तिचीच जास्त काळजी वाटते: तुमचा पुढचा टायर. मागचा झिजतो म्हणून तो सगळे बदलतात आणि पुढचा गाडीबरोबर आलेला तसाच राहतो. जोरात ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे येतं, थांबवण्याचं बहुतेक काम पुढचाच टायर करतो आणि तो सुटला तर सावरायला वेळ मिळत नाही. आज घरी गेल्यावर त्याचाही शिक्का वाचा. पाच वर्षं होत आली असतील तर दोन्ही एकदमच बदला, एकाच कंपनीचे आणि एकाच जोडीचे. आणि झिजेची खूण, म्हणजे खाचेच्या तळाशी असलेला उंचवटा, वर येईपर्यंत थांबू नका. मे महिन्याच्या शेवटी खाच दोन मिलिमीटरच्या आत असेल तर मी तो टायर पावसाळ्यात नेत नाही.

प्रश्न: नायट्रोजन भरावा का? आणि ट्यूबलेसला स्ट्रिप लावून पंक्चर काढलं तर हायवेला चालतं का? – एक वाचक, हडपसर

उत्तर: साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. भरलात तर नुकसान नाही, दाब थोडा सावकाश उतरतो, पण आठवड्याला गेज लावणं चुकत नाही.

स्ट्रिप, म्हणजे भोकात बाहेरून खुपसलेली चिकट रबरी पट्टी, ही घरी पोचण्यापुरती. पुढच्या एक-दोन दिवसांत टायर रिमवरून उतरवून आतून मशरूम पॅच, म्हणजे छत्रीच्या आकाराचं रबरी ठिगळ, लावून घ्या, तोवर साठच्या वर जाऊ नका. खिळा कडेच्या भिंतीत गेला असेल तर तो टायर टाकून द्यायचा, कुणी काढून देतो म्हणाला तरी. नवा बसवताना कडेवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेला आहे ना, हे तिथेच उभं राहून बघा, व्हॉल्व्ह नवा टाकायला सांगा आणि बॅलन्सिंग करून घ्या. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. पहिले दीडशे किलोमीटर वळणात गाडी हळूहळू झुकवत न्या आणि ब्रेक लांबून धरा. म्हणून शक्यतो टायर पाऊस सुरू व्हायच्या आधी, मेमध्येच बसवा.