कावासाकी झाला होता, एनडीएला जाता येईल का?

प्रश्न : मुलगा दहावीत आहे, एनडीएचं (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं) वेड आहे. चौथ्या वर्षी कावासाकी आजार झाला. हृदयाच्या रक्तवाहिनीला छोटा फुगवटा आला होता, तो वर्षभरात गेला. आठव्या वर्षानंतर तपासणी केलेली नाही. त्याला आत्ताच दुसरीकडे वळवू का? – एक आई, सातारा

नमस्कार ताई,

आत्ताच वळवू नका. आधी जुनी फाइल काढा. जपानच्या डॉ. तोमिसाकू कावासाकींनी १९६७ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. त्यात रक्तवाहिन्यांना सूज येते. उपचार न झाल्यास साधारण चारातल्या एका मुलाच्या हृदयवाहिनीला फुगवटा येतो. वेळेत इम्युनोग्लोब्युलिन (शिरेतून दिलं जाणारं प्रतिपिंडांचं औषध) दिलं की हे प्रमाण बरंच खाली येतं. ज्यांच्या वाहिन्यांना कधी धक्काच लागला नाही, त्या मुलांच्या खेळण्या-धावण्यावर सहसा बंधन नसतं. तुमच्या मुलाचं तसं नाही. फुगवटा ओसरला तरी तिथलं अस्तर जाड राहू शकतं, वाहिनी हवी तशी पसरत नाही. म्हणून अशा मुलांना मोठेपणीही हृदयतज्ज्ञांकडे जावं लागतं. तुमच्याकडे मध्ये इतकी वर्षं गेली, मला काळजी वाटते ती त्याची.

दिवाळीच्या सुट्टीतच जा. इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि ट्रेडमिलवरची तपासणी यांबद्दल विचारा. 'खेळू दे का?' एवढंच विचारू नका. रोज पळणं, दोर चढणं, पाठीवर वजन घेऊन चालणं याला झेपेल का, हे लेखी घ्या. मुलाला सोबत न्या. त्याच्या छातीत काय घडून गेलंय हे त्याने डॉक्टरांकडूनच ऐकावं. पंधराव्या वर्षी तो त्याचा हक्क आहे.

आणि सैन्यदलाच्या वैद्यकीय मंडळापासून हा आजार अजिबात लपवू नका. अंतिम निर्णय त्यांचा, तो विरोधात जाऊ शकतो, हे मुलाला आजच सांगा. प्रशिक्षणात मध्येच बाहेर पडावं लागणं फार वाईट.

अकरावीला विज्ञान, गणितासह घ्या. नौदल-हवाई दलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागतंच, अभियांत्रिकीची वाटही उघडी राहते. एनडीएची तयारी करून घेणाऱ्या छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेचा विचार मात्र अहवाल हातात आल्यावरच करा. अहवाल आला की कळवा, पुढचं मुलाशीच बोलू.