सिनेमाखालचा ‘ड्रामा’ म्हणजे नाटक का?

लाखांदूरकडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: “आमच्याकडं ड्रामा म्हंजे रातभर चालते ते नाटक. मंग मोबाइलवर सिनेमाच्या नावाखाली ‘ड्रामा’ काहून लिवून रायते? गावात मंडळानं सिनेमा दाखवला तर फलकावर मराठीत का लिवाव? अन् मेलोड्रामा म्हंजे भडक ड्रामा का?”

आधी फलकाचं. ‘नाटक’ लिहू नका. दिवाळीनंतर होळीपर्यंत झाडीपट्टीत, म्हणजे तुमच्या पूर्व विदर्भात, नाटकांचाच हंगाम असतो, लोक खरंच नाटक समजून सतरंज्या घेऊन येतील. ‘नाट्यमय चित्रपट’ही नको. ‘नाट्यमय घडामोडी’ असे मथळे वाचून वाचून नाट्यमय म्हणजे एकाएकी उलथापालथ झालेलं, हाच अर्थ डोक्यात बसलाय, आणि ड्रामा म्हणवणारे कितीतरी सिनेमे अगदी संथ चालीचे असतात. ‘नाटकी’ म्हटलं तर ती निंदाच झाली. ‘नाट्यपट’ची घडण चांगली आहे, पण त्यातून चित्रित केलेलं नाटक असा अर्थ निघतो, आणि तुमच्या भागात नुसतं ‘पट’ म्हटलं की आधी शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, जोड्या आठवतात. त्यापेक्षा ‘कौटुंबिक चित्रपट’, ‘सामाजिक चित्रपट’ असं सरळ लिहा. ही विशेषणं नाटकाच्या हँडबिलांमुळे तुमच्या गावाला पाठच आहेत.

ड्रामा हा मूळ ग्रीक शब्द, त्याच्या मुळाशी ‘करणे’ हा धातू आहे. करून दाखवलेलं ते ड्रामा, मग रंगमंचावर असो की पडद्यावर. आपल्याकडे एवढा व्यापक शब्द ‘नाटक’ नव्हे, ‘रूपक’ होता. नाट्यशास्त्र लिहिणाऱ्या भरताने रूपकाचे दहा प्रकार सांगितले, नाटक त्यातला एक आणि ‘प्रकरण’ आणखी एक. नाटकाचं कथानक प्रसिद्ध हवं, प्रकरणाचं कवीने रचलेलं. संस्कृत नाटककार भवभूतीचंच बघा. तो विदर्भातल्या पद्मपूरचा. आमगावजवळचं पद्मपूर ते हेच, असं बरेच अभ्यासक मानतात. त्याचं ‘उत्तररामचरित’ नाटक आहे आणि ‘मालतीमाधव’ प्रकरण. पुढे मराठीत ‘नाटक’ शब्दानेच सगळी जागा व्यापली आणि रूपक अलंकारात जाऊन बसलं.

सिनेमाच्या वर्गवारीत मात्र ड्रामाचा अर्थ आणखी आकसतो: गंभीर कथा, ओळखीची माणसं, आणि त्यांच्यातला संघर्ष. ओळखायची खूण सोपी आहे. प्रेक्षक शेवटपर्यंत कशासाठी थांबलाय ते बघा. ‘कोणी केलं?’ हे कळण्यासाठी थांबला असेल तर रहस्यपट, ‘वाचतो का?’ यासाठी थांबला असेल तर थरारपट. ‘आता हा काय ठरवणार आणि त्याची किंमत कोण मोजणार?’ यासाठी थांबला असेल तर ड्रामा.

पोटप्रकार कळायला एकच गोष्ट घेऊ. धानाची चार एकर बांधी, दोन भाऊ, सातबारा थोरल्याच्या नावावर.

कौटुंबिक ड्रामात भांडण घरातच राहतं. प्रसंग चुलीपाशी, ओसरीवर, एखाद्या लग्नाच्या मांडवात घडतात. सगळे एकत्र जमणं ही इथली हुकमी जागा, कारण तिथून कोणाला उठून जाता येत नाही. खलनायक लागत नाही. दोघांचंही बरोबर असलं पाहिजे. थोरल्याला सरळ लबाड करून टाकलं की गोष्ट तिथेच पातळ होते. सामाजिक ड्रामात तीच जमीन सावकाराकडे जाते आणि रोख घराकडून व्यवस्थेकडे वळतो. इथे हमखास बिघडतं ते भाषणामुळे: जे प्रसंगातून कळलंय तेच पात्र पुन्हा तोंडाने सांगतं.

कोर्टाच्या ड्रामात सर्वांत जास्त चुका होतात. वाटपाचा दावा दिवाणी असतो. तिथे वादी आणि प्रतिवादी असतात. आरोपीचा पिंजरा नाही, हातकडी नाही, सरकारी वकील नाही. हातोडा आपल्या न्यायाधीशांसमोर नसतोच, तो परदेशी सिनेमातून आला. सातबाऱ्यावरचं नाव बदलणाऱ्या फेरफाराची नोंद तलाठी घेतो, मंडळ अधिकारी प्रमाणित करतो. पण ती नोंद महसुलासाठी असते, तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही. लेखकाला खरा पेच इथे सापडतो: थोरला सातबारा फडकावत येतो आणि तेवढ्याने त्याचं भागत नाही. दुसरी गोष्ट, दिवाणी दाव्यात सरतपासणी, म्हणजे आपल्याच साक्षीदाराची साक्ष, बहुधा शपथपत्रावर दाखल होते, म्हणजे रंगण्याजोगी जागा उरते ती उलटतपासणी. सूचक प्रश्न, म्हणजे हवं ते उत्तर सुचवणारे प्रश्न, एरवी तिथेच चालतात. “तुम्ही त्या दिवशी घरी होता, बरोबर?” असं आपल्याच साक्षीदाराला विचारणारा वकील पडद्यावर दिसला, की लेखकाने कोर्ट पाहिलेलं नाही हे समजावं. या प्रकाराला ‘कोर्टाचा सिनेमा’ म्हटलं तरी पुरे.

चरित्रपट, युद्धपट, तमाशापट यांना मराठी नावं आहेतच, तीच वापरावीत.

आता मेलोड्रामा. याला भडक म्हणणं अन्यायाचं आहे. ‘मेलोस’ म्हणजे ग्रीकमध्ये गाणं. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये संवादाला संगीताची जोड देऊन हा प्रकार उभा राहिला. म्हणून ‘अतिनाट्य’ हा प्रतिशब्द मला पटत नाही: त्यातलं गाणं जातं आणि ‘अति’ तेवढा राहतो. झाडीपट्टीत रंगमंचाशेजारी ऑर्गन आणि तबला घेऊन बसणाऱ्यांना या प्रकाराचं मर्म पक्कं ठाऊक असतं.

त्याचे नियम कडक आहेत. सज्जन कोण, हे प्रेक्षकाला पहिल्या अंकात कळलं पाहिजे आणि गोष्टीतल्या माणसांना शेवटापर्यंत कळता कामा नये. रडू येतं ते या अंतरामुळे. आपल्या गोष्टीत धाकट्या सुनेने सासूच्या औषधासाठी डोरलं मोडलंय. हे आपण पाहिलंय, घरच्यांनी नाही, आणि तिच्यावरच चोरीचा आळ येतो. योगायोग चालतो, पण संकट वाढवणारा. संकट सोडवणाराही योगायोगच निघाला तर प्रेक्षक कुजबुजायला लागतो. शेवटी तिचा खरेपणा चारचौघांत सिद्ध व्हावा लागतो, बंद खोलीतली माफी पुरत नाही. आणि संगीत भावनेच्या मागोमाग यावं. सून अजून काही बोललीही नाही तोच सूर भरून आला, तर प्रसंग हातचा गेला.

हे नियम न पाळता नुसता आरडाओरडा केला, तर त्याला भडक जरूर म्हणा. प्रकाराचं नाव मात्र ‘मेलोड्रामा’च ठेवा. फलकावर तेही लिहायची गरज नाही. ‘हृदयस्पर्शी कौटुंबिक चित्रपट’ एवढ्यावर गावाला नेमकं कळतं.