आजी रिमार्क पास करते म्हणजे काय करते?

प्रिय चिऊ,

तुझा मेसेज वाचून जरा लागलंच. "आई, ठाण्याला नौपाड्यात सगळेच माझ्यावर रिमार्क पास का करतात? आजी म्हणते वाळलीस, आत्या म्हणते केस बांध, खालच्या काकू विचारतात हिला मराठी येतं का. शाळेच्या रिपोर्टमध्येही टीचर रिमार्क्स लिहितात, ते किती छान असतात!"

रागाने विचारलंयस, पण अगदी नेमकं विचारलंयस.

इंग्रजीत 'रिमार्क' हा शब्द मुळात चांगलाही नाही आणि वाईटही नाही. तो फ्रेंचमधून आला. आधी त्याचा अर्थ होता नीट पाहणं, ध्यानात घेणं. पाहिलेलं बोलून दाखवणं हा अर्थ मागाहून आला. 'रिमार्केबल' म्हणजे दखल घेण्याजोगं, त्यात तो जुना अर्थ अजून आहे. सभेच्या सुरुवातीला पाहुण्यांचे 'ओपनिंग रिमार्क्स' असतात, त्यात कुणाला टोचलेलं नसतं. 'पासिंग रिमार्क' म्हणजे जाता जाता सहज बोललेलं. आपल्याकडचं 'रिमार्क पास करणं' मात्र वेगळं. ते बहुतेक वेळा लागेल अशा बोलण्यालाच म्हणतात. नाक्यावरची पोरं मुलींना बघून 'कॉमेंट पास' करतात, तसंच.

निबंधात लिहिशील तेव्हा एक सांभाळ. 'शी रिमार्क्ड मी' होत नाही. 'शी रिमार्क्ड ऑन माय हेअर' किंवा 'शी रिमार्क्ड टू मी दॅट...' असं लिही. 'नो कॉमेंट' म्हणतात, 'नो रिमार्क' कुणी म्हणत नाही, कारण कॉमेंट ही मागितल्यावर दिलेलं मतही असू शकते आणि रिमार्क बहुधा न विचारताच येतो. आणि पेपर पुन्हा तपासायला देतात तो 'री-मार्क' निराळा. त्यातला 'री' लांब आणि ठसठशीत.

मराठीत या सगळ्याला 'शेरा' आहे, आणि त्याचा अर्थ पुढचं क्रियापद ठरवतं. शेरा लिहिला किंवा दिला तर ती नुसती नोंद. नानांच्या गावच्या जमिनीचा सातबारा बघ, बारा नंबरच्या तक्त्यात शेवटचा रकाना 'शेरा'च असतो. पण शेरा मारला की तो बहुतेकदा बोचतो. त्याहून तिखट झाला तर टोमणा, तोही मारायचाच. कोर्टाने सरकारला झापलं तर पेपरात येतं 'ताशेरे ओढले'. ते कायम अनेकवचनी, एक ताशेरा कुणी ओढत नाही. आणि मनापासून मत हवं असेल तर आपण अभिप्राय मागतो.

आमच्या प्रगतिपुस्तकातही शेवटी शेऱ्याचा रकाना असायचा आणि त्याखाली पालकांची सही. 'प्रगती समाधानकारक', 'अक्षर सुधारावे', 'वर्गात फार बोलते'. मार्कांच्या आधी सगळ्यांची नजर तिथेच जायची. 'छान' क्वचितच दिसायचं, आणि समाधानकारक हीच मोठी शाबासकी समजायची. ठाण्यातली ती आख्खी पिढी चांगलं मनात ठेवून उणं तेवढं बोलून दाखवायला शिकली. आजीचं 'वाळलीस' त्यातलंच आहे. तुझ्या पानात जास्तीची पोळी पडते का बघ. पडत असेल, तर ते वाक्य पोळीसाठीच होतं.

म्हणून सगळंच गोड मानून घे असं मी म्हणत नाही. अंगावरून, रंगावरून, केसांवरून बोलणं मलाही तुझ्या वयात आवडायचं नाही, आणि 'आपल्यात असंच बोलतात' हे उत्तर तेव्हाही पटायचं नाही. आजीशी एकटीनेच बोल, चारचौघांत नको. "आजी, माझ्या अंगावरून बोललेलं मला आवडत नाही गं," इतकं पुरे. 'गं' विसरू नकोस, त्याने धार जाते. काकूंना थेट मराठीतच उत्तर दे: "येतं की, काकू." आत्या पुन्हा म्हणाली तर "असू दे गं आत्या, मला मोकळेच आवडतात" म्हण आणि विषय बदल.

यातलं काही तुला पटलं नाही तर तसं सांग. आत्याशी मीच बोलू का? तुला चालणार असेल तरच फोन करीन.

तुझी,
आई