पोलीस भरतीसाठी साताऱ्यात खोली घेऊन राहतोय, रोज पळतो. कमी खर्चात महिन्याचं काय भरून ठेवू?

प्रोटीन पावडरच्या डब्याआधी किराणा भरा. एकट्याला महिन्याला ज्वारी 6 किलो, हरभरे, मटकी, शेंगदाणे आणि गूळ प्रत्येकी 1 किलो, सोयाबीन वडी अर्धा किलो. वडीत 100 ग्रॅमला सुमारे 50 ग्रॅम प्रथिनं असतात, शेंगदाण्यात 25. कमी पैशात भरपूर प्रथिनं मिळतात. ज्वारीचं पीठ मात्र आठवड्यापुरतंच दळून आणा. जुनं झालं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते, भाकरी थापताना चिरते.

कोरेगाव भागातला वाघ्या घेवडा (राजम्याच्या जातीचं कडधान्य) जरूर घ्या, अर्धा किलो पुरे. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात कुकरच्या पाच-सहा शिट्ट्या घ्या. दाणा बोटांत सहज चिरडला पाहिजे. घेवडा कच्चट राहिला तर त्यातल्या लेक्टिन या बाधणाऱ्या प्रथिनामुळे उलट्या-जुलाब होतात आणि दोन दिवसांचा सराव बुडतो.

पावसाळ्यात शेंगदाणे पंधरा दिवसांपुरतेच आणा, कोरडे भाजून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. बुरशी आलेला, सुरकुतलेला किंवा कडू लागणारा दाणा टाकूनच द्या. त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष यकृताला घातक असतं आणि भाजूनही पूर्ण जात नाही.

अंडी, दूध, लिंबू लागतील तसे आणा.